ओणवं व्हा, मग बघा

परवा फॅमिली ग्रुपवर जो फोटो पडला, त्यातला मनुष्य मी आहे हे मेहुण्याने म्हणे पँटीवरून ओळखलं. चेहरा फोटोत नाहीच. म्हणजे आहे, पण दोन गुडघ्यांच्या मधे, उलटा.

स्थळ: क्योतो प्रांताचं उत्तर टोक, जपानी समुद्राचा किनारा, आमानोहाशिदाते. पाइन वृक्षांनी भरलेली साडेतीन किलोमीटरची वाळूची पट्टी खाडी ओलांडून गेली आहे. जपानच्या तीन नामांकित देखाव्यांपैकी हा एक. (उरलेले दोन मात्सुशिमा आणि मियाजिमा. तिथे माणसाला ताठ उभं राहू देतात असं ऐकतो.) इथे मात्र कासामात्सु पार्कात चढून जायचं, समुद्राकडे पाठ करायची, ओणवं व्हायचं आणि तंगड्यांमधून बघायचं. मग म्हणे आभाळ खाली जातं नि पट्टी स्वर्गाच्या पुलासारखी दिसते. त्यासाठी दगडी चौथराही आहे. पुराणकथेत ही इझानागी देवाची शिडी. तो झोपला आणि ती पडली. देवाच्या घरीही असले प्रकार होतात हे वाचून बरं वाटलं.

"त्यापेक्षा फोटो काढून मोबाइल उलटा धरू," मी म्हणालो. ओसाकात नोकरी करणारा आमचा चिरंजीव लगेच म्हणाला, "बाबा, तसं चालत नाही. दोन जपानी संशोधकांनी प्रयोग केलेत. उलटी प्रतिमा दाखवणारे चष्मे घालून ताठ उभं राहिलं तर तो परिणाम होत नाही, अंगच वाकवावं लागतं. 2016 चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या नि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालंय त्यांना." इंजिनिअर केला, त्याची ही फळं.

चढलो. वाकलो. कंबर अर्ध्यात अडकली. तेवढ्यात रांगेतल्या, ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई पुढे आल्या आणि माझ्या पाठीवर चक्क थाप मारून म्हणाल्या, "मोत्तो! मोत्तो!"

आम्ही मूळचे मालवणचे. परक्या देशात, परक्या बाईने, ओणव्या अवस्थेत मला 'मोठो' म्हणावं? आणि तेही दोनदा? मी आणखी वाकलो ते निव्वळ रागाने. त्यावर बाई टाळ्या वाजवून "मोत्तो, मोत्तो!" आता मागची रांगही हसायला लागली. चष्मा कपाळावर सरकला, खिशातली चिल्लर खळखळून सांडली. बाईंनी ती वेचली, मोजली आणि एक येन कमी आहे की काय अशी शंका येऊन रांग थांबवून शोधायला लागल्या. बाई, जाऊ दे हो तो एक येन! पण हे म्हणायचं कुठल्या भाषेत? येन सापडला. मग, कसं करतात ते दाखवायला, त्या स्वतः घडीच्या खुर्चीसारख्या मिटल्या आणि त्याच अवस्थेत आमच्या चिरंजीवांशी गप्पा मारू लागल्या. माझा मुलगा त्या भाषेत खळखळून हसत होता. घरी जेवताना आमच्याशी तो "हं" आणि "बघू" एवढंच बोलतो.

'मोत्तो' म्हणजे 'अजून', हे त्याने मला खाली उतरताना सांगितलं. वर का नाही सांगितलं? "तुम्ही छान वाकत होतात."

पूल दिसला का, असं सगळे विचारतात. दिसला, दोन सेकंद. खाली आभाळ आणि त्यात टांगलेली हिरवी पट्टी. मग रक्त डोक्यात उतरलं.

निघताना बाईंनी माझ्या हातात एक गोळी ठेवली, लहान मुलाला देतात तशी, आणि मुलाला काहीतरी म्हणाल्या. तो पुन्हा हसला. काय म्हणाल्या, हे मी आठवडाभर विचारतोय.

"काही नाही हो, बाबा."