लिंबू, सोडा आणि मार्बलची गेलेली चमक

गेले काही दिवस एक संदेश या फोनवरून त्या फोनवर फिरतोय. मला तो तीन नातेवाइकांकडून आला. त्यातल्या एकाने वर 'शंभर टक्के खात्रीचा' असं स्वतःचं प्रमाणपत्रही जोडलं होतं. मजकूर थोडक्यात असा: मार्बलची फरशी निस्तेज दिसायला लागली की पॉलिशवाल्याच्या नादी लागू नका. बादलीभर पाण्यात दोन लिंबं पिळा, अर्धी वाटी व्हिनेगर घाला, वर खाण्याचा सोडा टाका. फेस येईल, तो फेस म्हणजे वर्षानुवर्षांचा मळ. ब्रशने घासा, पुसून घ्या, शेवटी तेलाचा हात फिरवा. फरशी नव्यासारखी! जाता जाता आणखी दोन गोष्टी: मशीनने पॉलिश केलं की दगड झिजून पातळ होतो, आणि एकदा सीलर (दगडाची छिद्रं अडवणारं द्रव्य) मारला की फरशीला आयुष्यभर काही होत नाही.

या सगळ्यात अर्धं वाक्य खरं आहे. ते ओघात येईलच.

सुरुवात फेसापासून करू, कारण लोकांचा विश्वास बसतो तो फेस बघून. सोडा आणि आम्ल एकत्र आलं की कार्बन डायऑक्साइड निघतो. त्याला मळाची गरज नसते. स्वच्छ धुतलेल्या काचेच्या ग्लासात करून बघा, तितकाच फसफसेल. फसफस थांबते तेव्हा दोघांनी एकमेकांना संपवलेलं असतं आणि बादलीत उरतं ते थोडंफार खारट पाणी. म्हणजे प्रमाण बरोबर जमलं तर तुम्ही फरशी खारट पाण्याने पुसलीत, एवढंच. प्रमाण चुकून आम्ल शिल्लक राहिलं तर मात्र दुसरा फेस सुरू होतो, आणि तो सोड्याचा नसतो, फरशीचा असतो. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्साइट, म्हणजेच कॅल्शियम कार्बोनेट. भूशास्त्राचे विद्यार्थी दगडात कॅल्साइट आहे की नाही हे ओळखायला त्यावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकतात. फसफसलं तर आहे. संदेश ज्याला मळ निघणं म्हणतो, ते त्यांच्या लेखी दगड विरघळणं असतं.

'पण आमच्याकडे खरंच चमक आली,' असं मला एका मावशीने ऐकवलं. वाद घालण्याऐवजी मी घरात पडलेला मार्बलचा एक तुकडा घेतला, फरशी बसवताना उरलेला, एक बाजू छान पॉलिश केलेली. त्यावर अर्धं लिंबू कापलेली बाजू खाली करून दहा मिनिटं ठेवलं. लिंबू उचलल्यावर पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. ओला दगड सगळीकडून सारखाच चकाकत होता. धुऊन, पुसून वाळू दिला, आणि मग लिंबाच्या आकाराचा एक फिकट गोल उमटला. समोरून पाहिलं तर पुसट, पण फोनचा टॉर्च आडवा धरला की ठळक. नख फिरवलं तर आजूबाजूच्या दगडावरून ते सरकत होतं आणि गोलात शिरताच किंचित अडखळत होतं. तो गोल साबणाने गेला नाही, घासून गेला नाही. जाणार कसा? तो डाग नव्हताच. तिथला दगडाचा वरचा थर निघून गेला होता. डाग पडला तर दगड सहसा गडद होतो, कारण काहीतरी आत मुरलेलं असतं. आम्लाने खाल्ला तर तो फिका आणि खरखरीत होतो. हा फरक कळला की निम्म्या घरगुती उपायांची परीक्षा आपली आपणच घेता येते.

मावशीला दिसलेली चमकही खोटी नव्हती. ओल्या दगडावरच्या बारीक खळग्यांत पाणी भरतं, पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश आरशावरून परतावा तसा एका दिशेने परततो. पाणी वाळलं की खेळ संपला. तेल हेच करतं, फक्त वाळत नाही, म्हणून भास जास्त दिवस टिकतो. तोवर ते दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत उतरतं, धूळ धरून ठेवतं, हळूहळू पिवळं पडतं आणि घसरायला होतं ते वेगळंच. फिकट रंगाच्या मार्बलवर मुरलेलं तेल काढणं हे मूळ निस्तेजपणा काढण्यापेक्षा कटकटीचं काम आहे. पावडरचा जाड लेप लावायचा, वर प्लास्टिक झाकायचं, दिवसभर ठेवून तेल ओढून घ्यायचं, आणि हे एकदा करून भागेलच असं नाही.

आता मूळ गैरसमज. संदेश गृहीत धरतो की फरशीची चमक मळाखाली दडलेली आहे. घरातलं एखादं जड कपाट सरकवून बघा. त्याच्याखाली धुळीचा थर असतो, कधीकधी किळस यावी इतका. पण ती धूळ पुसली की खालचा दगड लखलखतो. उलट दारापासून आतल्या खोलीपर्यंतची येण्याजाण्याची वाट रोज पुसली जाते आणि तीच सर्वांत मंद असते. मळामुळे चमक जात असती तर हे उलटं दिसलं असतं.

चमक जाते ती ओरखड्यांनी. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या कठिणतेची १ ते १० अशी मोजपट्टी मांडली. तिच्यावर कॅल्साइट ३ वर आहे, आपलं नख साधारण अडीचवर, आणि वाळूतला क्वार्ट्झ ७ वर. चपलेच्या तळव्याला चिकटून आलेला वाळूचा एक कण मार्बलवर फिरतो तेव्हा काय होत असेल ते या आकड्यांवरून कळावं. असे हजारो ओरखडे एकमेकांना छेदत गेले की प्रकाश एका दिशेने परतण्याऐवजी विखुरतो. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर असते. पृष्ठभागावरचे उंचसखलपण त्याहून बरंच बारीक झालं तरच खिडकीचं प्रतिबिंब जमिनीत स्वच्छ दिसतं. चमक अशी दगडाच्या घडणीतच असते. म्हणून ती पुसून काढता येत नाही, आणि वरून लावताही येत नाही.

यावर 'मग पॉलिशवालेही आम्लच वापरतात की!' असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. मार्बलच्या पॉलिश पावडरीत पुष्कळदा ऑक्सॅलिक आम्ल असतं. पण लिंबाचं आम्ल दगड खातं आणि खडबडीत करून सोडतं, तर ऑक्सॅलिक आम्लापासून तयार होणारं कॅल्शियम ऑक्सलेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बारीक पावडर, मशीनचा दाब, घर्षणाची ऊब आणि नेमकं पाणी यांच्या सोबतीने ते पृष्ठभाग गुळगुळीत करायला मदत करतं. शिवाय ही पावडर येते सर्वांत शेवटी, खालचं सगळं घासकाम झाल्यावर. नुसती पावडर ओरखड्यांवर चोळली तर चमकणारे ओरखडे मिळतात. ऑक्सॅलिक आम्ल विषारी आहे, तेव्हा तो उद्योग घरी नकोच.

ते घासकाम मी एकदा ओळखीच्यांच्या घरी बसून पाहिलं. कारागिराने आधी खोलीभर फिरून पायाचा अंगठा सांध्यांवरून फिरवला. कुठल्या लादीची कड वर आहे ते त्याला डोळ्यांपेक्षा पायाने लवकर कळत होतं. मग मशीनला लावायचे डायमंड पॅड, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या घासायच्या चकत्या: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. आकडा जितका मोठा तितका कण बारीक. पाणी सोडत मशीन फिरत होतं आणि जमिनीवर दुधासारखा पांढरा राडा जमत होता. तो प्रत्येक नंबरनंतर ओढून काढायचा, नाहीतर आधीच्या पॅडचा एखादा जाडा कण राहतो आणि पुढच्या कामावर ओरखडा काढतो. दुपारी २०० चं काम झालं तेव्हा फरशी सकाळपेक्षाही मंद, खडूसारखी दिसत होती. घरच्या काकू चिंतेत. "अहो, आधीचीच बरी होती ना ही?" तो मशीन न थांबवता म्हणाला, "काकू, आत्ता बघू नका. आठशे लागल्यावर या." आठशेला मंद तकाकी आली. पंधराशेला खिडकीचे गज जमिनीत उमटले, कडा जरा धूसर. तीन हजारनंतर गजांवरचा गंजही दिसायला लागला. काकूंनी लगेच गज रंगवायचा विषय काढला.

मधले नंबर गाळणं ही या धंद्यातली नेहमीची चलाखी आहे. शंभरवरून थेट आठशेवर उडी मारली तरी चमक येते, पण तिरप्या उन्हात शंभराच्या पॅडचे अर्धगोल ओरखडे चमकेखालून दिसतात. काम ताब्यात घ्यायचं ते संध्याकाळच्या किंवा सकाळच्या आडव्या उजेडात.

आणि हे झालं ते अर्धं खरं वाक्य: घासलं की दगड झिजतो. झिजतोच, ते तसंच काम आहे. प्रश्न किती झिजतो हा. सांध्यांची वर-खाली झालेली कड सपाट करायची असेल तर तिथे एखादा मिलिमीटर जाऊ शकतो. नुसते रोजच्या वापराचे ओरखडे काढायचे असतील तर मिलिमीटरचा एक छोटासा अंश. बसवलेला मार्बल बहुधा १६ ते २० मिलिमीटर जाड असतो, टाइल असेल तर १० च्या आसपास. म्हणजे सपाटीचं जड काम एकदाच, आणि नंतरच्या वेळी ४०० किंवा ८०० पासून सुरुवात केली तर फरशी तुम्हा-आम्हाला पुरून उरेल. दर वर्षी पहिल्या नंबरपासून घासायला लावणाऱ्याला मात्र नाही म्हणावं.

सीलरबद्दल फार लिहीत नाही. दगडात मुरणारा सीलर छिद्रं अडवतो, त्यामुळे सांडलेलं आत जायला वेळ लागतो आणि पुसायला सवड मिळते. तो डागांना थोपवतो. ओरखड्यांना नाही, आणि आम्लालाही नाही, कारण आम्लाला आत शिरायची गरजच नसते, ते वरचाच थर खातं. सीलर संपत आलाय का ते बघायला पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. थेंबाखाली दगड गडद झाला तर संपलाय.

हे सगळं खऱ्या मार्बलबद्दल. तुमची फरशी मार्बलसारखी छापलेली व्हिट्रिफाइड टाइल असेल तर तिला लिंबाने सहसा काही होणार नाही. कदाचित संदेश लिहिणाऱ्याने प्रयोग तिच्यावरच केला असावा.

आणि ज्यांनी आधीच बादली ओतली आहे त्यांनी घाबरून दुसरं काही ओतू नये. टॉयलेट क्लीनर तर अजिबात नाही, त्यातल्या बऱ्याचशांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसा, पूर्ण वाळू द्या, रात्री दिवे घालवून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. एकसारखा उजेड परतला तर मिश्रण खारट पाण्यावरच थांबलं होतं. फिकट ओघळ आणि ब्रशच्या फटकाऱ्यांचे पट्टे दिसले तर तेवढ्या भागाला पॉलिश लागेल, बहुधा बारीक नंबरांचंच. कारागीर येईपर्यंत दारात आत-बाहेर दोन पायपुसणी टाका आणि रोज पुसण्याआधी कोरडा केर नीट काढा. ओल्या फडक्याखाली सापडलेली वाळू हाही एक घासण्याचा पॅडच असतो, फक्त त्याला नंबर नसतो.