कंबरेसाठी, नग १

पेनाचं टोपण उचलायला वाकलो आणि तसाच राहिलो. म्हणजे टोपण हातात आलं, पण मी वर येईना. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना, मार्च एंडिंग, आणि अकाउंटंट टेबलाखाली. बाहेर मागांचा खडखडाट असा की ओरडून उपयोग नाही, आमच्याकडं चहा घेणार का हे सुद्धा खुणेनंच विचारतात. शेवटी कांड्या भरणाऱ्या एका मावशींनी बघितलं, त्यांना आधी वाटलं साहेब कुणाच्या तरी पाया पडायलेत.

उसण भरली, हे निदान दोन मिनिटांत झालं आणि उपचार पण लगेच ठरला, कारण मागांची देखभाल करणारा आमचा जॉबर अण्णा पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेला. पायाळू माणसानं कंबरेत लाथ घातली की उसण जाते हे सगळ्या खात्याला माहीत होतं. मला अजून एक गोष्ट माहीत होती, ती म्हणजे अण्णाचा ओव्हरटाइम मी मागच्याच महिन्यात कापला होता. अण्णानं चप्पल काढली, "साहेब, मनापासून देतो" म्हणाला. त्या भीतीनं मी अर्धा सरळ झालो आणि उरलेला अर्धा रिक्षात घालून सात रस्ता चौकाकडं फिजिओ मॅडमकडं गेलो.

मॅडमनी विचारलं, किती तास बसता? म्हटलं दहा. खुर्ची कसली? प्लास्टिकची, एक पाय आखूड आहे म्हणून खाली पुठ्ठा घातलाय. मॅडमनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं, सरळ असलं की मान पेलते, पुढं झुकलं की तेच वजन मानेला लै जास्त पडतं, भरलेली घागर काखेत धरून बघा आणि मग हात लांब करून धरून बघा. हे मात्र झटकन पटलं. आमच्याकडं चार-पाच दिवसाआड नळाला पाणी येतं, घागरीचं शास्त्र सोलापूरकराला शिकवायला लागत नाही.

मग यादी. मॉनिटरची वरची कड डोळ्याच्या रेषेत पाहिजे, एक हात लांब. कोपर काटकोनात, मनगट सरळ, तळपाय पूर्ण टेकलेले. अर्ध्या तासानं उठायचं. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघायचं. आणि कंबरेमागं टॉवेल गुंडाळून ठेवायचा.
"टॉवेल आहे ना घरी?"
सोलापुरात, टॉवेलच्या कारखान्यातल्या माणसाला!

मालकांकडं टॉवेल मागितला तर ते म्हणाले कुठल्या लॉटचा? एक्सपोर्टचा देणार नव्हतेच. शेवटी काठाला धागा सुटलेला एक सेकंडचा, म्हणजे दुय्यम मालातला, ३० बाय ६० इंची मिळाला आणि स्टॉक रजिस्टरमध्ये एंट्री मलाच करायला लावली, 'सेकंड, कंबरेसाठी, नग १'. पायाखाली सुताच्या कोनचं रिकामं खोकं आलं. मॉनिटर वर उचलायला २०१९-२० च्या सेल बिलांच्या चार जाड फायली घेतल्या, जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचंच असतं, मग मॉनिटरखाली सांभाळलं तर काय बिघडलं.

वीस फुटांचं मात्र जमलं नाही. माझी केबिन दहा फुटांची, काचेतनं पुढं वीस फुटांवर बरोबर मालक बसतात. दोन दिवस मी दर २० मिनिटांनी २० सेकंद मालकांकडं टक लावून बघत होतो, तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून विचारलं, "काय ओ, पगाराचं काय बोलायचंय का?"

तर मी इतका हुशार झालो की जुना कारखाना कायदाच काढून वाचला. १९४८ च्या त्या कायद्यात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली) कलम ४४ होतं, उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय पाहिजे, म्हणजे मध्ये जरा सवड मिळाली की टेकता यावं. आमच्या खात्यात बाकडं आहे की, त्याच्यावर डबे बसतात. विणकर पूर्ण पाळी मागामागांतनं येरझाऱ्या घालतो, आणि फिजिओकडं कोण जातो तर पंख्याखाली बसणारा मी. ह्याची लाज वाटते थोडी, पण कंबर जास्त दुखते.

अर्ध्या तासाचा मोबाइलवर अलार्म लावला, तो मागांच्या आवाजात मला कधी ऐकूच आला नाही. ह्याच्यावर उपाय सापडला तो शेजारच्या अक्कांकडं. अक्का बिड्या वळतात, मांडीवर सूप, भिंतीला पाठ. मी त्यांना लेक्चर द्यायला गेलतो, अक्का, दर अर्ध्या तासानं उठत जावा. त्या पानावरची नजर सुद्धा न काढता म्हणाल्या, "उठले तर हजार कोण भरणार, तू?" मग दोरा गुंडाळत बोलल्या, "पंचवीस बिड्यांचा कट्टा झाला की मी मांडी बदलते. एक कट्टा ही मांडी, एक कट्टा ती. घड्याळ कशाला लागतंय रे?"

तेव्हापासून माझा पण कट्टा आहे. पंचवीस व्हाउचर टाकले की उठायचं, माठापर्यंत जाऊन यायचं. महिनाभर झकास चाललं, कंबर विसरूनच गेलो.

आणि मग परवा ऑडिटर आले. खुर्चीत बसले, माझ्याच, टॉवेलला टेकून, "वा, आरामशीर आहे" म्हणाले आणि त्यांनी पहिलंच काय मागितलं असेल तर २०१९-२० ची सेल बिलं. मॉनिटर एका हातानं छातीशी धरला, मॅडमनी शिकवल्यासारखं गुडघ्यात वाकलो, दुसऱ्या हातानं फायली ओढल्या. तीन आल्या, चौथी अडकली. जरा तिरका होऊन झटका दिला.

फाईल निघाली. मी वर येईना. मान वळवून दाराकडं बघितलं तर अण्णा उभा होता, एक चप्पल आधीच काढलेली.