सुरळीत चालणारी गाडी कशी खोलावी

गाडी उत्तम चालते आहे, हाच मुळात तिचा पहिला दोष. सकाळी किल्ली फिरवली की सुरू होते, डॅशबोर्डवर एकही नको तो दिवा लागत नाही, आपण कधी आलो-गेलो ते शेजाऱ्यांना कळत नाही. अशा गाडीचं माणसाने करायचं काय? त्यातून ती २०१० ची कॅमॅरो एसएस असेल, ६.२ लिटरचं एलएस३ इंजिन आणि कंपनीने लिहून दिलेली ४२६ अश्वशक्ती, तर तुमची तगमग मी समजू शकतो. ४२६ म्हणजे साडेचारशेला चोवीस कमी. न्यू जर्सीत एडिसनहून प्रिन्स्टनला रोज रूट वनच्या सिग्नलांवर थांबत थांबत जाणाऱ्या माणसाचं या चोवीस घोड्यांवाचून किती अडतं, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

तेव्हा विलंब न लावता लाँग ट्यूब हेडर मागवा.

लोक विचारतील, हे काय असतं? त्यांना नीट समजावून सांगा, म्हणजे ते पुन्हा विचारणार नाहीत. कंपनी इंजिनाच्या दोन्ही अंगांना धूर गोळा करून पुढे नेणारा बिडाचा एकेक मॅनिफोल्ड देते. चार सिलिंडरांचा धूर त्यात वीतभर जातो न जातो तोच एकत्र होतो. डोंबिवलीला फास्ट लोकल थांबली की चार डब्यांची माणसं एकाच जिन्यावर चेपतात, तसा. लाँग ट्यूबमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःची स्वतंत्र नळी, अडीच-तीन फूट लांब, आणि मग चारी नळ्या तीन इंची कलेक्टरमध्ये मिळतात. गंमत पुढेच आहे. धुराचा ठोका नळीच्या टोकाला, त्या रुंद जागेत पोचला की तिथून कमी दाबाची एक लाट उलटी इंजिनाकडे येते. नळीची लांबी जमली असेल तर ती नेमकी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटता मिटता आणि इनटेक व्हॉल्व्ह उघडता उघडता पोचते. सिलिंडरात उरलासुरला धूर ओढून काढते, ताज्या हवेलाही आत घेते. भौतिकशास्त्र शंभर टक्के खरं आहे. फक्त लाटेचं हे टायमिंग नीट जुळतं ते मिनिटाला साधारण चार हजार फेऱ्यांच्या वर. आणि टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, ६५ मैलांच्या कायदेशीर वेगाने, सहाव्या गिअरमध्ये तुमचं इंजिन मारतं जेमतेम पंधराशे फेरे. एवढं एक वाक्य पैसे भरून होईपर्यंत मनातच ठेवावं.

मग नळी किती जाडीची घ्यायची, यावर तीन आठवडे घालवावेत. पावणेदोन इंची की एक इंच सात सूत? फरक एका सुताचा, म्हणजे इंचाचा आठवा भाग. पण त्यावर माणसं रात्र-रात्र जागली आहेत. बारीक नळीत धुराचा वेग टिकतो आणि खालच्या फेऱ्यांना ताकद राहते. जाड नळी वरच्या फेऱ्यांना मोकळा श्वास देते. तुम्ही अर्थात जाडच घेणार. पुढे कधीतरी कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, बदलायचा आहे ना! (नाही बदलणार. पण घ्या.)

खोक्यावर एक चिठ्ठी असेल: ‘फक्त शर्यतीच्या मैदानासाठी, सार्वजनिक रस्त्यावर वापरू नये.’ ती वाचून गंभीर चेहरा करा. रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातलं विष कमी करणारा डबा, काढून टाकणं अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियात तर ज्या सुट्या भागाला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक नाही, तो तपासणीत नुसत्या नजरेनेच पकडतात. तुम्ही सज्जन आहात. म्हणून तुम्ही हाय-फ्लो कॅट, म्हणजे विरळ जाळीचा कन्व्हर्टर, असलेला संच घेणार आणि स्वतःला पर्यावरणवादी म्हणवणार. पुतण्याने गावी बुलेटचा सायलेन्सर बदलला आणि पोलिसांनी असल्या सायलेन्सरांच्या ढिगावरून रोडरोलर फिरवला, तेव्हा फॅमिली ग्रुपवर अंगठा टाकून ‘बरं झालं’ लिहिणारे तुम्हीच होतात. तो मेसेज आता कुणी वर आणू नये, एवढी काळजी घ्या.

आणखी एक. न्यू जर्सी हे असं राज्य आहे, जिथे १९४९ पासून स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे. नळी टाकीत खुपसणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं काम नाही, असं सरकारचं मत. मात्र त्याच माणसाने दीड टनाहून जड गाडी चार लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) चढवून, खाली पाठीवर झोपून, स्टिअरिंगचा शाफ्ट सोडायला सरकारची काही हरकत नाही.

मदतनीस म्हणून वडील असावेत. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेले आणि सहा महिन्यांसाठी आलेले असतील तर उत्तम. माझे होते. त्यांचं परतीचं तिकीट मात्र तारीख बदलता येणारं काढावं. का, ते पुढे येईल.

पहिल्या संध्याकाळी जुन्या मॅनिफोल्डच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवतात. तुम्हीही मारा, त्याचा उपयोग तुमच्या मनःशांतीला होतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी, वर कितीतरी हिवाळ्यांत बर्फासाठी रस्त्यावर टाकलेलं मीठ. दोघांचा संसार इतका घट्ट झालेला असतो की वेगळं व्हायची कल्पनाच त्यांना सहन होत नाही. एका बाजूला सहा, असे बारा बोल्ट. त्यातले अकरा लोण्यासारखे निघतील, आणि तुम्ही ‘उगाच घाबरवतात लोक’ म्हणाल. बारावा सगळ्यात मागचा, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, चिकटून बसलेला, जिथे हात जातो पण डोळा जात नाही. त्याच्यावर सॉकेट चढवा, हळूच जोर द्या. आधी तो किंचित फिरेल. मऊ फिरेल. इतका मऊ की आनंद होईल. मग ‘टक्’ असा अगदी छोटा, सभ्य आवाज येईल आणि बोल्टचं डोकं सॉकेटमध्ये तुमच्या हातात असेल.

बाबांनी ते डोकं हातात घेतलं, तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा आधीच अर्धा तडकलेला होता. बघ, अर्धा भाग काळा आहे, अर्धा चकचकीत.” मग पाच मिनिटांनी, “पण तुला खोलायला सांगितलं कुणी होतं?”

तुटका तुकडा काढायचा मार्ग असा, की त्याच्यावर नट ठेवून वेल्डिंगचा टाका मारायचा, आणि ती धग ओसरायच्या आत पान्याने फिरवायचा. वाचायला चार सेकंद लागतात. आम्हाला एक शनिवार, तीन नट आणि वेल्डिंग मशीनवाला एक गुजराती मित्र लागला. टॉर्च बाबांनी धरली. लहानपणी मी त्यांच्यासाठी धरायचो आणि ‘इकडे नाही, कामावर धर’ असं ऐकायचो. ते वाक्य उलट म्हणायची संधी आयुष्यात एकदाच येते. मी ती सोडली नाही.

आता स्टिअरिंग. ड्रायव्हरच्या बाजूची नळी वर जायची तर स्टिअरिंगचा शाफ्ट सोडावा लागतो. त्याआधी स्टिअरिंग व्हील सीटबेल्टने करकचून बांधा. सुटं व्हील कुणी गंमत म्हणून दोन-चारदा गरगर फिरवलं, तर आतली एअरबॅगची रिबनसारखी वायर ताणून तुटते आणि एअरबॅगचा दिवा कायमचा लागतो. घरात सहा वर्षांचं मूल असेल तर गाडीच्या दारालाही कुलूप लावा. हा सल्ला उपरोधिक नाही.

आणि मग हेडर आत घालायचा क्षण. सूचनापत्रिकेत त्यासाठी एकच ओळ असते: ‘खालून वर सरकवा.’ बाळंतपणाचं वर्णन ‘मूल बाहेर येतं’ असं करण्यापैकीच हे. चार फाटे फुटलेलं ते लोखंडी शेवग्याचं झाड पुढून जात नाही, मागून जात नाही, आडवं करून जात नाही. प्लग काढा, नाहीतर त्यांचं चिनीमातीचं अंग तडकेल. डिपस्टिकची नळी काढा. इंजिनचा माउंट सैल करा, ऑइल पॅनखाली फळी ठेवून जॅकने इंजिन इंचभर उचला. तरीही जाणार नाही. खाली ठेवा, चहा प्या, परत या. मग ते एकाच प्रयत्नात, स्वतःहून, कसं गेलं ते तुम्हालाही कळणार नाही. दुसऱ्या बाजूला तीच युक्ती चालत नाही.

बोल्ट आवळताना टॉर्क पाना, म्हणजे जोर मोजणारा पाना, वापरावा. माप पंधरा-अठरा फूट-पाउंडांच्या घरातलं असतं, म्हणजे भारतीय मनाला ‘हे काय, अजून सैलच आहे’ वाटावं इतपत. ‘अजून एक पाव फेरा’ ही आपली राष्ट्रीय भावना आहे आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे तिच्यापायीच जातात. प्लगच्या वायरी नळ्यांपासून दूर बांधाव्यात. एक राहतेच. ती पहिल्या वीस मैलांत वितळते, आणि आठ सिलिंडरांची तुमची गाडी सात सिलिंडरांवर, लंगडत पण मोठ्या आवाजात घरी येते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर बॉनेटखालून धूर निघेल. घाबरू नका, ते तुमच्या हातांचं तेल आहे. स्टीलवर जिथे जिथे बोट लावलं होतं, तिथे तिथे ठसा भाजून उमटतो. नंतर नळ्या आधी सोनेरी आणि मग निळसर-जांभळ्या होतात. हे दृश्य खरोखर सुंदर असतं आणि गाडी उचलल्याशिवाय कुणालाही दिसत नाही.

आता हिशेब. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी न्या. ४२६ चा आकडा इंजिनाच्या तोंडाशी मोजलेला असतो. चाकांपर्यंत पोचतात त्यातले साधारण ३६०-३७०. हेडर आणि नवं ट्यूनिंग मिळून त्यात वीस-पंचवीसची भर पडते, तीही आलेखाच्या उजव्या टोकाला. तो कागद फ्रेम करा. आलेखाचा डावा भाग, जिथे जुनी आणि नवी रेघ एकमेकींच्या अंगावर चालतात आणि जिथे तुम्ही खरोखर गाडी चालवता, तो फ्रेमच्या लाकडाखाली सहज झाकता येतो.

आठवडाभराने पिवळा दिवा लागेल: पी ०४२०, म्हणजे एका बाजूचा कन्व्हर्टर नापास असा कॉम्प्युटरचा कोड. पाठोपाठ पी ०४३०, म्हणजे दुसरी बाजूही नापास. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, आणि तुम्ही तो इंजिनापासून दोन-तीन फूट लांब नेऊन ठेवलाय. शिवाय आतली जाळी विरळ. मागचा ऑक्सिजन सेन्सर हे प्रामाणिकपणे वर कळवतो. सांध्यातून जरा गळती असेल तर पुढचा सेन्सरही बिघडतो. बाहेरची हवा आत ओढली जाते, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर बिचारा आणखी पेट्रोल ओततो. राज्याच्या तपासणीआधी कोड पुसून दिवा विझवण्याची हुशारी करू नका. पुसलं की कॉम्प्युटर ‘माझ्या चाचण्या अजून व्हायच्यात’ असंही सांगतो, आणि २००१ नंतरच्या गाडीत तशी एकच चाचणी बाकी राहिलेली चालते. तपासनीसाने ते आधी शेकडो वेळा पाहिलेलं असतं. तो हसतसुद्धा नाही.

राहता राहिला आवाज. खरं सांगतो, अश्वशक्ती ही नुसती सबब होती. या इंजिनात ठिणगी सिलिंडरांत १-८-७-२-६-५-४-३ या क्रमाने फिरते. त्यात २ आणि ६ लागोपाठ एकाच अंगाला, ३ आणि १ लागोपाठ दुसऱ्या अंगाला. या असमान ठेक्यातून ती गडगड जन्मते. म्हणजे ती पहिल्यापासून इंजिनातच होती, तुम्ही फक्त दार उघडलंत. सकाळी सहाला थंड इंजिन सुरू केलंत की ती समोरच्या तीन घरांपर्यंत जाते. सोसायटीचं पत्र येतं, इंग्रजी अत्यंत अदबीचं असतं. आणि दोन हजार फेऱ्यांना गाडीच्या पोटात असा काही घुमारा धरतो की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायला खिडकी उघडावी लागते, मग तर काहीच ऐकू येत नाही.

रविवारी बाबांना घेऊन ब्रिजवॉटरच्या बालाजीला निघालो. पहिल्या सिग्नलला त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, काच खाली घेतली, कानाशी पंजा धरला. गडगडीच्या खाली, शिवणयंत्र चालावं तशी एक बारीक टिकटिक होती. मी ती चार दिवस ऐकत होतो आणि ऐकू येत नाही असं ठरवलं होतं.

“माझ्या बाजूला, मागचा सिलिंडर,” बाबा म्हणाले. “हेडरचं पॅकिंग गळतंय. परत खोलावं लागणार.”

“तुम्ही गेल्यावर बघतो सावकाश. चौदा तारखेचं तिकीट आहे तुमचं.”

सिग्नल सुटला. बाबा बराच वेळ बाहेर बघत होते.

“फोन लाव त्या एअरलाइनवाल्यांना,” ते म्हणाले. “महिनाभर पुढे ढकल. आणि येताना नवं पॅकिंग घेऊ. या वेळी कागदी नको, पत्र्याचं घे.”