‘काही लागलं तर सांग’ एवढ्यावर थांबू नका

ज्याला खरंच काही लागत असतं, तो सहसा सांगत नाही. सांगायलाही ताकद लागते आणि नेमकी तीच त्याच्यात उरलेली नसते. शिवाय आपलं रडगाणं कोण ऐकणार, समोरच्याला स्वतःचे व्याप काय कमी आहेत, ही धाकधूक असतेच. म्हणून ‘काही लागलं तर सांग’ असं आपण कितीही मनापासून म्हटलं, तरी पुढचं पाऊल त्या खचलेल्या माणसानेच टाकायचं, असं त्यातून ठरून जातं. हे मला फार दिवसांपासून खटकतंय, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय.

मनातलं दुखणं लपवणारी माणसं उदास चेहऱ्याने फिरत नाहीत. ती कामावर येतात, ग्रुपवर विनोद टाकतात, वाढदिवसाच्या शुभेच्छाही वेळेवर देतात. बदल बारीक असतो. ‘कसा आहेस?’ म्हटलं की ‘मजेत’ म्हणून तो लगेच ‘तू सांग, तुझं काय चाललंय?’ असं विचारतो, आणि निघताना लक्षात येतं की अर्धा तास सगळं बोलणं आपल्याबद्दलच झालं. कधी जिवापाड आवडणारा छंद गुपचूप सुटलेला असतो. फोन उचलला जात नाही, मागाहून ‘सॉरी, कामात होतो’ एवढाच मेसेज येतो.

एक लक्षण तर आपण हटकून चुकीचं वाचतो. चिडचिड. नैराश्य म्हणजे रडणं, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण अनेकांचं, विशेषतः वयात येणाऱ्या मुलांचं, नैराश्य रागाच्या रूपाने बाहेर पडतं. घरात वसकन अंगावर येणारा मुलगा उद्धट ठरतो, त्याच्याशी सगळे जेवढ्यास तेवढं बोलू लागतात आणि तो आणखी एकटा पडतो. प्रत्येक तिरसट माणूस आतून दुखावलेलाच असतो असं मी म्हणत नाही. पण जो आधी असा नव्हता आणि आता झालाय, त्याच्यावर शिक्का मारण्याआधी थांबायला हवं.

बरं, लक्षात आलं. मग करायचं काय? सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांचं काम मला इथे फार मोलाचं वाटतं. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या विचारांमुळे रुग्णालयात दाखल झालेले, पण नंतर पुढचे उपचार नको म्हणणारे ८४३ जण त्यांनी १९६९पासून या अभ्यासात घेतले. त्यांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षं अधूनमधून पत्रं गेली, दुसऱ्याला नाही. पत्र दोन-तीन ओळींचं. तुम्ही येऊन गेल्याला बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा, अशा अर्थाचं. त्यात ना सल्ला, ना चौकशी, ना ‘उपचार का सोडलेत’ असा जाब. २००१मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पत्रं मिळणाऱ्यांत आत्महत्या कमी झाल्या होत्या आणि पहिल्या दोन वर्षांत तर हा फरक ठळक होता. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत इतका फरक दिसला नाही, तेव्हा पत्र म्हणजे रामबाण औषध असं कुणी समजू नये. पण मला त्यातली वृत्ती महत्त्वाची वाटते. आठवण ठेवायची, ती कळवायची आणि बदल्यात काही मागायचं नाही. उत्तरसुद्धा नाही!

आपल्याला हे जड जातं. मेसेजला उत्तर आलं नाही की ‘गरज नसेल त्याला’ म्हणून आपण विषय सोडून देतो. खरं तर ‘तुझी आठवण आली. उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ या दोन वाक्यांनी किती ओझं उतरतं!

माझ्या एका मैत्रिणीचा भाऊ तरुणपणीच गेला. सुरुवातीला माणसांची रीघ होती. पुढे त्याचं नाव घेणंच सगळ्यांनी बंद केलं, तिला त्रास नको म्हणून. एकदा आम्ही काही जणी बसलो असताना एकीने सहज विचारलं, ‘तो गाणं म्हणायचा ना गं?’ क्षणभर आम्ही सगळ्या अवघडलो. ती मात्र बोलत सुटली. तो कसा बेसूर गायचा, शब्द विसरला की स्वतःचेच कसे घुसडायचा. हसता हसता रडली आणि म्हणाली, ‘किती दिवसांनी कुणी त्याच्याबद्दल विचारलं.’ दुःख तिच्यापाशी होतंच. आम्ही गप्प राहून ते फक्त तिच्या एकटीचं करून ठेवलं होतं.

आणखी एक भीती काढून टाकायला हवी. कुणाच्या बोलण्यात ‘मी नसलो तरी काय फरक पडतो’ असं काही आलं, तर ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आजवरचा अभ्यास हेच सांगतो. उलट अनेकांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, घरच्या एका विश्वासाच्या माणसाला कळवा आणि डॉक्टरांकडे सोबत जा. उपचार करणं तज्ज्ञांचं काम, त्यांच्या दारापर्यंत सोबत करणं आपलं.

आणि उत्तर ‘काही नाही रे, ठीक आहे’ असं आलं तर? खोदून विचारू नका. दुसरं काही बोला, थोडा वेळ बसा. आठवड्याभराने पुन्हा फोन करा.