तिले कोनी सांगतलं होतं जंगलात जायले?

मे महिन्यातली सकाळ. नागपुरात साडेचार, टोकियोत आठ. निशी-कासाईहून सुटलेल्या तोझाई लाइनच्या डब्यात मी फोन नाकाला टेकेल एवढ्या गर्दीत उभी होते आणि घरच्या ग्रुपवर दादानं एक बातमी टाकली. चंद्रपूर जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाईला वाघानं मारलं. खाली पहिला मेसेज चुलतभावाचा: "तिले कोनी सांगतलं होतं जंगलात जायले?" दुसरा वहिनीचा, रडक्या चेहऱ्यासकट: "आता गोरेवाड्याला आणून कोंडतील बिचाऱ्याला." बिचारा म्हणजे वाघ, आणि गोरेवाडा म्हणजे नागपूरचं वन्यप्राणी बचाव केंद्र. मग भाच्यानं वाघाचा एक देखणा फोटो टाकला, त्यावर बरेच अंगठे आले. बाईबद्दलचं पहिलं वाक्य फार खाली, त्याच जिल्ह्यातल्या सिंदेवाहीच्या आत्याचं. तिनं विचारलं होतं, "कोनत्या गावची व?"

चुलतभावाचं वाक्य ऐकल्यासारखं वाटत होतं. कुठे, ते आठवायला दोन स्टेशनं गेली.

नागपुरातल्या सदर भागातली टॉकीज, 1994 चा उन्हाळा, हिंदीत बोलणारा 'जुरासिक पार्क'. गाडीत दोन पोरं, बाहेर डायनोसॉर, आणि पोरांसोबत बसलेला वकील दार उघडून पळतो. पळतो तो थेट संडासात. भिंती पडतात, छप्पर उडतं, साहेब कमोडवर बसलेले, आणि पुढच्या क्षणी डायनोसॉरच्या जबड्यात. टॉकीजभर शिट्ट्या. मागून कोणीतरी ओरडलं, "खाल्ला बे, खाल्ला!" मीही टाळ्या पिटल्या. नऊ वर्षांची होते.

आमच्या रांगेत एकच माणूस हसला नाही. काका. ते हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करायचे. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "पोरं टाकून पळाला, मान्य. भित्रा आहे, तेही मान्य. पण त्याला मृत्युदंड, आणि ज्यानं ती जनावरं पैदा केली, ज्याच्या कुंपणातला करंट एका नोकरानं बंद केला, तो म्हातारा हेलिकॉप्टरात बसून घरी? अपील करा."

पुढे कॉलेजात मूळ कादंबरी हाती आली तेव्हा कळलं, अपील आधीच मंजूर झालेलं होतं. मायकेल क्रायटनच्या 1990 च्या पुस्तकात वकील वाचतो, बऱ्यापैकी धीटही आहे. मरतो तो म्हातारा. सिनेमानं उलटं केलं. म्हाताऱ्याचं काम दिलं रिचर्ड ॲटनबरोंना, 'गांधी' काढणाऱ्या. पांढरी दाढी, समोर वितळणारं आईस्क्रीम, आवाजात कातरपणा. अशा आजोबांना कोण मारणार? मग त्यांच्या वाटचं मरण वकिलाच्या नावावर चढवलं.

अक्राळविक्राळ प्राण्यांच्या सिनेमाचा हा जुना हिशेब आहे. माणूस मरताना प्रेक्षकाला मजा तर यायला हवी, पण आपण दुष्ट आहोत असं वाटायला नको. म्हणून मरणाऱ्याच्या अंगावर आधी एक डाग पाडून ठेवायचा. डाग मोठा असावा लागत नाही. 2015 च्या 'जुरासिक वर्ल्ड'मधली झारा ही साहेबबाईंची असिस्टंट. तिचा गुन्हा काय, तर साहेबबाईंच्या भाच्यांवर लक्ष ठेवायचं सोडून फोनवर बोलत राहिली. तिला उडते सरडे उचलतात, एकमेकांकडे फेकतात, पाण्यात बुचकळतात आणि शेवटी पाण्यातलं धूड गिळून टाकतं. हे पुष्कळ प्रेक्षकांना खटकलं, याचं मला बरं वाटलं. उलट 'जॉज'मधला महापौर बघा. शार्क आहे असं सांगूनही धंदा बुडेल म्हणून किनारा उघडा ठेवतो. शार्क त्याला शिवतसुद्धा नाही. दुसऱ्या भागातही महापौर तोच. मध्ये निवडणूक कशी झाली असेल ते नागपूरकराला समजावून सांगायची गरज नाही.

आता राक्षसाची बाजू. ती कशी घडते आणि कशी बिघडते, हे मला 1931 च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधल्या एका तुकड्यावरून कळलं. तळ्याकाठी एक लहान पोरगी राक्षसाला फुलं देते. दोघं एकेक फूल पाण्यात टाकतात, फुलं तरंगतात. हातातली संपल्यावर तो पोरीलाच उचलून टाकतो. त्याच्या डोक्यात एवढंच की तीही तरंगेल. ती बुडते आणि तो घाबरून पळतो. सेन्सॉरवाल्यांना हे बघवलं नाही, त्यांनी पोरीला फेकणं कापलं. मग वर्षानुवर्षं लोकांना काय दिसत राहिलं? त्याचे हात पोरीकडे जाताना, आणि नंतर बाप तिचं प्रेत घेऊन गावातून चालताना. मधलं प्रत्येकानं आपापल्या मनानं भरलं, आणि मनानं जे भरलं ते कापलेल्यापेक्षा घाण होतं. तो तुकडा परत जोडायला 1980 चं दशक उजाडलं.

आमच्या ग्रुपवरचे वाघाचे व्हिडिओही कापलेलेच असतात, फक्त कात्री दुसऱ्या बाजूनं चाललेली. वाघीण पिल्लांना चाटते, ते राहतं. बाई अंधारात उठली, भाकर बांधली, ऊन चढायच्या आत पानं तोडायची, घरी आणून 70 पानांचा एक असे पुडे बांधायचे, त्यातून पावसाळ्याआधी हातात दोन पैसे येतात, हे सगळं कापलेलं. राहतं ते एवढंच की ती जंगलात गेली. म्हणजे दार उघडून पळालेला वकीलच.

इथे टोकियोत राक्षसांचं बरं चाललंय. शिंजुकूत एका थिएटरच्या इमारतीवर गॉडझिलाचं भलंमोठं डोकं आहे, आणि 2015 साली त्या वॉर्डानं त्याला विशेष रहिवासी म्हणून जाहीर केलं. माझं रहिवासी कार्ड मुदत संपण्याआधी नवं करायचं तर टोकनाच्या रांगेत किती वेळ जातो, ते मला विचारा. ज्यानं शहर तुडवलं त्याचं काम मात्र समारंभानं झालं.

पण गॉडझिलाचा 1954 चा मूळ सिनेमा 'गोजिरा' बघितला तेव्हा हसू आलं नाही. माझ्या घरापासून फार लांब नाही, युमेनोशिमाच्या बागेत, एक लाकडी मासेमारी बोट छपराखाली जपून ठेवली आहे. दाइगो फुकुर्यू मारू. 1 मार्च 1954 ला बिकिनी बेटांवर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिची राख या बोटीवरच्या 23 जणांवर पडली. सप्टेंबरात त्यांच्यातला एक, बोटीचा रेडिओ ऑपरेटर, वारला. नोव्हेंबरात सिनेमा आला. त्याची सुरुवात राक्षसानं होत नाही, बोटीनं होते. डेकवर बसलेले खलाशी, कोणी वाजवतोय, कोणी पहुडलाय, आणि समुद्र पेटतो. पुढे शहर जळताना एक आई रस्त्याच्या कडेला पोरांना कवटाळून सांगत असते की आता लवकरच आपण बाबांकडे जाणार. तिच्यावर एकही डाग नाही. ती पळालेली नाही, फोनवर बोललेली नाही. तिच्या मरणाची मजा घ्यायची परवानगी दिग्दर्शक देत नाही. आणि बॉम्बनं जागा केलेल्या त्या जनावरावरही तो राग काढू देत नाही. एक म्हातारा शास्त्रज्ञ त्याला मारू नका म्हणत अंधाऱ्या खोलीत एकटा बसतो. त्याची बाजू खोटी वाटत नाही, आणि त्या आईचीही.

शेवटी गॉडझिलाला मारतो तो सेरिझावा, दुसरा एक शास्त्रज्ञ. त्याच्याकडचं हत्यार एकदा जगाला कळलं की बॉम्बसारखंच वापरलं जाईल, म्हणून गॉडझिलासोबत तोही समुद्राच्या तळाशी राहतो, स्वतःची हवेची नळी स्वतः कापून. मला तो पिवळी मारबत वाटतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात इतवारीच्या गल्ल्यांतून दोन मारबती, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, निघतात. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. काळी म्हणजे इंग्रजांना मिळालेली भोसले घराण्यातली बाकाबाई, असं सांगतात. तिच्या नावानं लोक बोंबलतात. पिवळीच्या पाया पडतात, तान्ही पोरं तिच्यासमोर धरतात. आणि "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत शेवटी दोघींना जाळतात. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, पिवळी चांगली आहे तर तिला कशाला जाळता? आजी म्हणाली, "घरादाराची रोगराई तिनं अंगावर घेतली ना. आता तिले घरी कशी आननार?" सोबत बडगे असतात, त्या त्या वर्षी नागपूरकरांना ज्याचा राग आला त्याचे पुतळे. त्यात एखाद्या वर्षी जंगलात गेलेली बाई निघाली नाही, हे नशीब.

जपानात वाघ नाहीत, अस्वलं आहेत. माझ्या ऑफिसातली एक बाई उत्तरेकडच्या अकिताची. तिची आई वसंतात डोंगरात बांबूचे कोवळे कोंब काढायला जायची, आपल्याकडे झाडीपट्टीत वास्ते आणतात तसे. 2016 साली अकिताच्या काझुनो भागात असे कोंब काढायला गेलेल्या चार जणांना अस्वलांनी मारलं. 2023 च्या ऑक्टोबरात अकितातल्याच मिसातो गावात तीन अस्वलं चटया बनवायच्या कारखान्यात शिरली, त्यांना मारावं लागलं. तर दूरदूरच्या शहरांतून फोनांचा पाऊस: का मारलंत, भुलीचं इंजेक्शन द्यायचं, डोंगरात सोडायचं. पुढच्या वर्षी एक अस्वल अकिता शहरातल्या सुपरमार्केटात घुसून दोन दिवस बसलं, तेव्हाही तेच. तिथले त्या वेळचे गव्हर्नर इतके वैतागले की म्हणाले, अशा माणसाला मी सांगेन, तुमच्याकडेच पाठवतो अस्वल, पत्ता द्या. 2025 मध्ये अस्वलांनी दहावर माणसं मारली, अकितात सैन्य मदतीला आलं, आणि त्या वर्षाची ओळख सांगणारं अक्षर म्हणून जपानी लोकांनी 'अस्वल' या अर्थाचं अक्षर निवडलं.

मी त्या बाईला विचारलं, आई आता जाते का? ती म्हणाली, "जाते. कोंब तीनच आठवडे असतात." आणि मग, "टोकियोतले लोक मला विचारतात, तुझी आई कोंब विकत का नाही घेत." मी मान हलवली. हा प्रश्न माझ्या ओठांवर आलेला होता हे तिला सांगितलं नाही.

कारण माझा या बाबतीतला रेकॉर्ड स्वच्छ नाही. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरच्या पांढरकवड्याच्या जंगलात 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री टी-1 वाघिणीला गोळी घातली, तेव्हा मी इथेच होते. 13 माणसांचे बळी तिच्या नावावर लावलेले होते. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानंही तिला मारायच्या आदेशात हस्तक्षेप केला नव्हता. वनखात्याच्या कागदावर ती टी-1, शहरांत ती अवनी. तिला नाव मिळालं, दोन पिल्लं होती, आणि शरीर गोरेवाड्याला तपासायला आणल्याचे फोटो होते. मी डीपी बदलला. त्याच आठवड्यात तिकडच्या गावांत लोकांनी फटाके फोडले, पेढे वाटले, आणि ते वाचून मला त्यांची शिसारी आली होती. आजही 13 पैकी एकाचं नाव मला विचारलं तर सांगता येणार नाही. तिला कसं मारलं त्याबद्दलचे प्रश्न खरे होते, आजही आहेत. वाघ जगलाच पाहिजे याबद्दल मला शंका नाही. पण मी तेव्हा पाच-सहा हजार किलोमीटरवरून टॉकीजच्या मागच्या रांगेत बसून शिट्टी मारत होते. फरक इतकाच की या वेळी डायनोसॉरच्या बाजूनं.

आत्यानं तेव्हा फोन करून विचारलं होतं, "हा कोनाचा फोटो लावला व?" मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "बरं. तुह्याकडे थंडी पडली का?"

यंदा त्या मेसेजनंतर मी तिला फोन केला. बाई तिच्या ओळखीची निघाली, पलीकडच्या गावची, लग्नात वाढायला यायची. वाकून पानं तोडत होती, मागून आला. "वाकला मानूस त्याले जनावरच दिसते, असं गार्ड सांगते," आत्या म्हणाली. वाघाला शिवी नाही, बाईला दोष नाही. सरकारी मदतीचे कागद पोराकडून भरून घ्यायचे आहेत, एवढंच. मला काहीतरी करावंसं वाटलं. इथे डोंगरात जाणारे लोक पिशवीला अस्वलाची घंटी लावतात, पितळेची, बोटाएवढी, आवाज स्वच्छ. माणूस येतोय हे कळलं की अस्वल बाजूला होतं, असा हिशेब. मी चार घंट्या घेतल्या आणि नागपूरला जाणाऱ्या एका मैत्रिणीबरोबर पाठवल्या.

पोळ्याला दादानं सिंदेवाहीहून फोटो टाकला. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, आणि बैलाच्या गळ्यात जपानी घंटी. मी आत्याला फोनवर म्हटलं, अगं, ती माणसांसाठी होती.

"अवं पोरी," ती म्हणाली, "इकडं घंटी वाजली का वाघाले वाटते ढोर आलं. मानसाच्या गयात बांधून काय करू? बैलाले शोभते."