‘चारही शब्दांचा अर्थ बदनामीच’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. समानार्थी कोशात एकाच ओळीत असलेल्या ‘डिसरिप्यूट’, ‘डिसग्रेस’, ‘इन्फमी’ आणि ‘इग्नॉमिनी’ या इंग्रजी शब्दांवर प्रश्न विचारून आम्ही सराव परीक्षेत दोन गुण कापले, अशी आपली तक्रार आहे. ती आम्ही नीट वाचली. उत्तरसूची मात्र बदलता येणार नाही.

पहिला प्रश्न मॅच फिक्सिंगचा होता: ‘ब्रॉट द गेम इन्टु...’ आपण ‘डिसग्रेस’ लिहिलंत. पण मागे ‘इन्टु’ आहे, म्हणून तिथे ‘डिसरिप्यूट’च बसतो, खेळांच्या आचारसंहितांमध्येही हाच प्रयोग रुळलेला आहे. डिसग्रेस घ्यायचा तर ‘ब्रॉट डिसग्रेस ऑन द गेम’ अशी रचना करावी लागते. शिवाय डिसरिप्यूटमध्ये पत जाते, लोकांचा विश्वास उडतो, आणि हे बहुधा संस्थेचं, व्यवसायाचं किंवा एखाद्या पद्धतीचं होतं. डिसग्रेसमध्ये माणूस लोकांच्या मनातून उतरतो. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी १९७४ मध्ये पद सोडलं, त्याला ‘रिझाइन्ड इन डिसग्रेस’ म्हणतात. तिथे डिसरिप्यूट कुणी लिहिणार नाही.

दुसऱ्या प्रश्नात अव्वल संघ पहिल्याच फेरीत गारद झाला होता: ‘सफर्ड द... ऑफ अ फर्स्ट राउंड एग्झिट’. आपलं उत्तर ‘इन्फमी’. या शब्दाला दुष्कृत्य लागतं, आणि त्याची काळी आठवण मागे राहते. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानने केलेल्या हल्ल्यानंतर ८ डिसेंबर १९४१ च्या भाषणासाठी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी मसुद्यातले ‘वर्ल्ड हिस्टरी’ हे शब्द खोडून ‘इन्फमी’ लिहिलं, ते याच वजनासाठी. सामना हरणं म्हणजे पाप नव्हे. चारचौघांत मान खाली घालावी लागली, एवढंच, त्याला ‘इग्नॉमिनी’. इथे डिसग्रेसही चालला असता, म्हणूनच तो पर्यायांत मुद्दाम ठेवला नव्हता. ठेवला असता तर आपली तक्रार रास्त ठरली असती.

याच गटातला ‘डिसऑनर’ बँकेत चेकलाही लागतो. ‘शेम’ मनात वाटते. ‘ऑप्रोब्रिअम’ म्हणजे लोकांनी केलेली कडक निर्भर्त्सना.

समानार्थी कोश शब्द सुचवतो, तो कुठे बसेल हे सांगत नाही. म्हणून वहीत नुसता अर्थ न लिहिता शब्दाच्या मागचं क्रियापद, पुढचं शब्दयोगी आणि एक पूर्ण वाक्य उतरवा. परीक्षेत रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे शब्द आधी पाहा, अर्थ नंतर.

उत्तरपत्रिका घेऊन बॅचच्या आधी या. दोन्ही प्रश्न समोर बसून सोडवू, आणि याच गटावरचा जादा सराव संच विनाशुल्क देऊ.