मुंबई ओपनच्या विजेत्यांची यादी आणि तिच्यातली रिकामी वर्षे

मुंबईच्या महिला टेनिस स्पर्धेविषयी कुणी काही लिहिले की दुसऱ्याच वाक्यात आर्यना सबालेंका येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर बेलारूसच्या या एकोणीस वर्षांच्या मुलीने अंतिम सामन्यात स्लोव्हेनियाच्या दलिला याकुपोविचला ६-२, ६-३ असे हरवले. पुढे २०२३ आणि २०२४ ची ऑस्ट्रेलियन ओपन, २०२४ आणि २०२५ ची अमेरिकन ओपन तिने जिंकली आणि जागतिक क्रमवारीत ती पहिली झाली. आयोजकांनी हे अभिमानाने सांगावे, त्यात गैर काही नाही. माझा आक्षेप त्यातून काढल्या जाणाऱ्या अर्थाला आहे. सबालेंका मुंबईने घडवलेली नाही. मुंबईत येण्याच्या महिनाभर आधी ती चीनमधल्या तिआनजिनच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत मारिया शारापोव्हाशी अटीतटीने खेळली होती आणि जेमतेम पंधरवड्यापूर्वी मिन्स्कमध्ये फेड कप या महिलांच्या सांघिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत तिने त्या वर्षीची अमेरिकन ओपन विजेती स्लोअन स्टीफन्स हिला हरवले होते. ती मुंबईत आली तेव्हा निघालेलीच होती. वाटेत एक आठवडा आपल्याकडे थांबली, इतकेच.

ही स्पर्धा ज्या दर्जाची आहे त्याला 'डब्ल्यूटीए १२५' म्हणतात; डब्ल्यूटीए म्हणजे महिला टेनिस संघटना. हा दर्जा २०१२ मध्ये सुरू झाला आणि सव्वा लाख डॉलरच्या बक्षीस रकमेवरून त्याला हे नाव मिळाले. वर २५०, ५००, १००० गुणांच्या स्पर्धा आणि चार ग्रँड स्लॅम. खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या १५ पासून १०० पर्यंतच्या पायऱ्या. सध्याच्या नियमांनुसार विजेतीला १२५ गुण मिळतात, उपांत्य फेरी गाठणारीला ४९, पहिला सामना जिंकून दुसरा हरणारीला १५ आणि पहिल्याच सामन्यात हरणारीला अवघा एक. जी खेळाडू क्रमवारीत शंभर ते अडीचशेच्या दरम्यान अडकली आहे तिच्यासाठी या आकड्यांवर पुढचे सहा महिने कुठे खेळायला मिळणार ते ठरते, कारण ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत प्रवेश मिळतो तो साधारण याच पट्ट्यातल्या खेळाडूंना.

आता २०२५ पर्यंतची यादी पाहू. २०१७ नंतर २०१८ मध्ये थायलंडच्या लुक्सिका कुमखुमने रशियाच्या इरिना ख्रोमाचेवाला पहिला सेट १-६ असा गमावल्यावर ६-२, ६-३ असे हरवले. कुमखुमचे नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, पण २०१४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिल्याच फेरीत २०११ ची विम्बल्डन विजेती पेट्रा क्विटोवा हिला घरी पाठवणारी ती हीच. मग मोठी पोकळी, आणि २०२४ मध्ये लात्वियाची दार्या सेमेनिस्ताया. तिने ज्या स्टॉर्म हंटरला हरवले ती ऑस्ट्रेलियन खेळाडू काही महिन्यांपूर्वीच दुहेरीत जगात पहिली झाली होती. २०२५ मध्ये स्वित्झर्लंडची यील टाइशमान जिंकली. टाइशमान २०२१ मध्ये सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत तेव्हा जगात पहिल्या असलेल्या अ‍ॅश बार्टीपर्यंत पोहोचली होती, वाटेत तिने नाओमी ओसाकालाही हरवले होते, आणि २०२२ मध्ये ती क्रमवारीत एकविसावी होती. तिथून घसरून शंभराच्या बाहेर गेलेली ही डावखुरी खेळाडू मुंबईत वर चढायला नव्हे, परत चढायला आली होती.

मला ही स्पर्धा आवडते ती नेमकी यासाठी. एकाच कोर्टावर वर निघालेली मुलगी आणि खाली आलेली बाई समोरासमोर उभ्या राहतात, आणि त्या आठवड्यात दोघींची गरज सारखीच असते. याचा सर्वांत सुंदर नमुना मुंबईत नव्हे, पुण्यात झाला. नोव्हेंबर २०१२ मध्ये बालेवाडीला रॉयल इंडियन ओपन भरली. डब्ल्यूटीए १२५ दर्जाच्या त्या पहिल्या वर्षी जगभरात अशा दोनच स्पर्धा झाल्या, एक तैपेईला आणि दुसरी पुण्याला. पुण्याच्या अंतिम सामन्यात युक्रेनची अठरा वर्षांची एलिना स्वितोलिना आणि जपानची बेचाळीस वर्षांची किमिको दाते-क्रुम समोरासमोर आल्या आणि स्वितोलिना ६-२, ६-३ अशी जिंकली. पुढे तीच स्वितोलिना जगात तिसरी झाली, २०१८ च्या वर्षअखेरच्या डब्ल्यूटीए फायनल्सची विजेती झाली आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन गेली. वयात चोवीस वर्षांचे अंतर असलेला हा अंतिम सामना बालेवाडीत झाला हे आज किती पुणेकरांना आठवत असेल, मला शंका आहे. विसरायला कारणही आहे: ती स्पर्धा पुण्यात पुन्हा झालीच नाही.

यादीतल्या उपविजेत्याही वाचाव्यात. २०१७ मध्ये सबालेंकाकडून हरलेली याकुपोविच बहुतेकांना ठाऊक आहे ती जानेवारी २०२० मुळे, जेव्हा मेलबर्नमध्ये वणव्याच्या धुराने खोकत ती कोर्टावर गुडघ्यांवर बसली आणि तिला पात्रता फेरीचा सामना सोडावा लागला. तीच याकुपोविच २०२४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मुंबईत परत आली आणि सबरिना सांतामारियाबरोबर दुहेरीचे विजेतेपद घेऊन गेली. दुहेरीच्या विजेत्यांना आपल्या बातम्यांत एका ओळीपेक्षा जास्त जागा मिळत नाही. २०१८ ची दुहेरी नातेला झालामिड्झेबरोबर जिंकणारी वेरोनिका कुदेरमेतोवा पुढे एकेरीत पहिल्या दहांत गेली आणि २०२५ मध्ये एलिस मर्टेन्सबरोबर विम्बल्डनची दुहेरी जिंकली. सबालेंकाचा उल्लेख करताना आयोजकांना ही आठवत नाही, याचे मला नवल वाटते.

पण या यादीतील सर्वांत बोलका भाग म्हणजे तिच्यातली रिकामी वर्षे. पुण्यानंतर महाराष्ट्रात या दर्जाची स्पर्धा पाच वर्षांनी आली. मुंबईत ती सलग दोन वर्षे झाली आणि २०१९ ते २०२३ अशी पाच वर्षे पुन्हा काही नाही. मधली महामारीची वर्षे मी हिशेबात धरत नाही. त्या काळात जगभर स्पर्धा रद्द झाल्या. परंतु २०१९ मध्ये महामारी नव्हती, आणि २०२२ व २०२३ मध्ये याच राज्यात, बालेवाडीलाच, पुरुषांची महाराष्ट्र ओपन व्यवस्थित पार पडली. ती स्पर्धा २०१८ मध्ये चेन्नईहून पुण्याला आली आणि सहा वर्षांत तिच्या पाच आवृत्त्या झाल्या. म्हणजे कोर्ट होते, पंच होते, चेंडू वेचणारी मुले होती, संघटनेला अनुभव होता. महिलांसाठी जे जमले नाही त्याला केवळ परिस्थिती जबाबदार होती, असे म्हणायला माझे मन तयार होत नाही.

या पोकळीची किंमत खेळाडूच्या वयात मोजावी लागते. ऋतुजा भोसले २०१८ मध्ये बावीस वर्षांची होती. मुंबईत स्पर्धा परत आली तेव्हा तिचा अठ्ठाविसावा वाढदिवस जवळ आला होता. मधल्या काळात तिने रोहन बोपण्णाबरोबर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले, म्हणजे गुणवत्ता नव्हती असे कुणी म्हणू शकणार नाही. बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाबरोबर खेळली. गुजरातची अंकिता रैना पुण्यात हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली. या पिढीला बावीस ते सत्तावीस या सर्वांत कामाच्या वर्षांत घरच्या कोर्टवर, घरचे जेवून, विमानाचे तिकीट न काढता एवढे गुण मिळवण्याची जी संधी वर्षातून एकदा तरी मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. 

संधी मिळाली की काय होते ते स्पर्धा परतल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत दिसले. २०२४ मध्ये हैदराबादच्या सहजा यमलपल्लीने पहिल्याच फेरीत अग्रमानांकित अमेरिकेच्या कायला डेला हरवले. २०२५ मध्ये कोइम्बतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून वर आली आणि थेट उपांत्य फेरीत पोहोचली. तिथे टाइशमानने तिला थांबवले. एकही गुण नसलेली ही मुलगी एका आठवड्यात जागतिक क्रमवारीत दाखल झाली. एरवी पंधरा हजार डॉलरच्या छोट्या स्पर्धांत फिरत हेच करायला कित्येक महिने जातात, आणि त्या काळात पालकांचे किती पैसे जातात ते टेनिसच्या कोणत्याही पालकांना विचारावे.

काहीजण म्हणतात की स्थानिक मुलींना वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता आयोजकांनी दिलेला प्रवेश, देऊन उपयोग नाही, त्या पहिल्या फेरीत हरतात. हरतात, हे खरे आहे. पण एकदाच मिळालेले वाइल्ड कार्ड आणि सलग पाच फेब्रुवारींत मिळणारे वाइल्ड कार्ड या वेगळ्या गोष्टी आहेत. वेगवान सर्व्हिस एकदा सोसली की पुढच्या वर्षभराचा सराव कशासाठी करायचा ते मुलीला आणि तिच्या प्रशिक्षकाला कळते. पुढच्या वर्षी स्पर्धाच नसेल तर ते कळणे वाया जाते. आणि केवळ ही एकच स्पर्धा असूनही भागत नाही. तिच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत पुणे, सोलापूर, नागपूर अशा ठिकाणी ३५ आणि ५० च्या पायरीवरील स्पर्धा लागोपाठ असतील, तर परदेशी खेळाडू महिनाभर राहायला येतील आणि आपल्या मुलींना त्यांच्याशी चार वेळा खेळायला मिळेल.

२०२४ पासून मुंबईने फेब्रुवारीचा पहिला पूर्ण आठवडा पकडला आहे. ऑस्ट्रेलियन ओपन नुकतीच संपलेली असते, वरच्या खेळाडू आखाताकडे निघालेल्या असतात आणि क्रमवारीत शंभराच्या आसपास असलेल्यांना आशियात एक चांगला थांबा हवा असतो. आठवडा योग्य आहे. आता प्रायोजकाशी, राज्य सरकारशी आणि महिला टेनिस संघटनेशी एकेका वर्षाचा नव्हे, किमान पाच वर्षांचा करार करून तो आठवडा मुंबईच्या नावावर बांधून घ्यावा, आणि महाराष्ट्रातील मुलींसाठी पात्रता फेरीतल्या दोन जागा त्या करारातच लिहून ठेवाव्यात.